पार्किन्सन्स झालेल्या जोडीदाराला मदत किती करावी आणि कुठे थांबावे?

मांजराकाठ
नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांचे अक्षर इतके देखणे होते की गावातल्या लग्नपत्रिकांवरची नावे लोक त्यांच्याकडून लिहून घेत. २०१७ च्या सुमारास ते अक्षर बारीक होऊ लागले. ओळीची सुरुवात ठीक असे, पण ओळ संपेपर्यंत अक्षरे मुंगीएवढी होत. आम्ही चष्म्याचा नंबर बदलून घेतला. पुढे चालताना त्यांचा उजवा हात हलेनासा झाला, बसल्या जागी अंगठा आणि बोट जपमाळ ओढल्यासारखे हलू लागले, आणि २०१८ च्या दिवाळीनंतर मेंदुविकारतज्ज्ञांनी पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे, निदान केले.

आज ते ६९ वर्षांचे आहेत आणि मी ६३ वर्षांची. औषधे चालू आहेत, त्याविषयी माझी तक्रार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. गेल्या महिन्यात पुतण्याच्या लग्नाला निघताना ते शर्टाची बटणे लावत होते. पंधरा मिनिटे झाली तरी तिसरे बटण काजात जाईना, दारात गाडी उभी होती. मी पुढे होऊन भराभर बटणे लावली. ते काही बोलले नाहीत, पण मांडवात जेवायला बसले नाहीत. रात्री घरी आल्यावर फक्त एवढे म्हणाले, "मी लेकरू नाही." तेव्हापासून त्यांच्या जवळ जाताना माझा हात अडखळतो. मदत केली तर त्यांचा मान जातो, न केली तर ते पडतील, सांडतील, थकतील अशी धास्ती वाटते. आपल्यापैकी जे रोज हे करत आहेत त्यांनी ही सीमा कुठे आखली, हे मला जाणून घ्यायचे आहे.

गोदातीर
ताई, मी नांदेडचा. आमच्याकडे आजार माझ्या पत्नीला आहे आणि त्याला आता अकरा वर्षे झाली. मी आपल्यासारखीच चूक केली, पण ती एका दिवसाची नव्हती, दोन वर्षांची होती. निदान झाल्यावर सर्वांत आधी मी तिच्या पुढ्यातली काटवट काढून घेतली. ज्वारीची भाकरी थापताना तिचा हात मंदावत होता, भाकरी एका बाजूला जाड राहत होती, तव्यावर टाकताना फाटत होती. मला वाटले, हिला आता कशाला त्रास द्यायचा. मी स्वयंपाकाला बाई लावली, कपडे धुणारी लावली आणि हिला खुर्चीत बसवले. त्या खुर्चीने तिचे जितके नुकसान केले तितके आजाराने तोवर केले नव्हते. खांदे आखडले, मान पुढे आली, आणि एक दिवस ती म्हणाली की मला पाहुणी करून ठेवले आहे.

आमच्या डॉक्टरांनी समजावल्यावर मी काटवट पुन्हा तिच्या पुढ्यात ठेवली. आता पीठ मळणे तिच्याकडे आणि थापणे माझ्याकडे आहे. ऐन साठीत भाकरी थापायला मी तिच्याकडूनच शिकलो. मळताना मनगट आणि बोटे पूर्ण ताणली जातात आणि तो तिचा व्यायामही होतो. मात्र हे काम आम्ही सकाळची गोळी घेतल्यानंतर तासाभराने करतो, त्याआधी कधीही नाही. तोच हात साडेसात वाजता लाकडासारखा असतो आणि साडेआठला पीठ मळतो. म्हणून माझे उत्तर असे की मदत किती करावी हे माणसावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच ते घड्याळावरही असते.

बालाघाट
गोदातीर भाऊ, आपले म्हणणे पटते, पण त्याला एक अपवाद मी ठामपणे नोंदवते. माझे यजमान रात्री दोन वाजता मला न उठवता लघवीला गेले, कारण त्यांनाही "माझे मी करतो" असे वाटत होते. ते मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडले आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, तरी ते पूर्वीसारखे चालू शकले नाहीत. अंथरुणातून एकदम उठल्यावर त्यांचा रक्तदाब खाली जात असे, हे आम्हाला नंतर कळले. या आजारात आणि त्याच्या औषधांनीही तसे होते. त्यामुळे मान, जिद्द, सवय हे सगळे बटणांपुरते आणि घासापुरते ठीक आहे. पडण्याचा धोका असेल तिथे मी विचारत बसत नाही, सरळ हात धरते. आता खाटेजवळ भांडे असते, मोरीत दोन्ही बाजूंना पकडायला दांड्या आहेत, रात्रभर दिवा चालू असतो आणि उठण्यापूर्वी दोन मिनिटे पाय खाली सोडून बसायचे, हा आमचा नियम आहे.

उभारी
मी छत्रपती संभाजीनगरमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. वरच्या दोन्ही प्रतिसादांत मला विरोध दिसत नाही. मात्र हात धरण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण प्रेमापोटी केलेली हीच कृती पुष्कळदा माणसाला पाडते.

पार्किन्सन्समध्ये चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. दार, अरुंद बोळ, वळण आणि गर्दी या जागी हे विशेष घडते. अशा वेळी आपण हाताला धरून पुढे ओढले तर धड पुढे येते, पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणून ओढू नये, आणि "चला, चला" अशी घाईही करू नये. त्यांना थांबू द्यावे, श्वास घेऊ द्यावा, शरीराचा भार एकदा डाव्या आणि एकदा उजव्या पायावर घ्यायला सांगावे आणि मग "एक, दोन, तीन" म्हणत मोठे पाऊल टाकायला सांगावे. आपले पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवे ठेवून ते ओलांडायला सांगितले तरी पाय सुटतो. याचे कारण असे की मेंदूच्या तळाशी डोपामिन, म्हणजे हालचालींचे संदेश पोचवणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी कमी झाल्यामुळे आपोआप होणाऱ्या हालचाली अडतात. पण डोळ्यांसमोर रेघ असेल किंवा कानांवर ताल पडत असेल, तर मेंदू तीच हालचाल दुसऱ्या वाटेने, लक्ष देऊन, करवून घेऊ शकतो.

वळताना जागच्या जागी गिरकी घेऊ नये, अर्धवर्तुळ करून वळावे. खुर्चीतून उठताना आधी कडेला सरकावे, पाय मागे घ्यावेत आणि नाक गुडघ्यांच्या पुढे जाईल इतके वाकून मग उठावे. या गोष्टी घरच्यांना ठाऊक असल्या, तर दंडाला धरून उचलण्याची वेळ पुष्कळ कमी येते.

काळी माती
उभारी ताईंनी रेघेचा उल्लेख केला आणि माझ्या मनात दोन वर्षे घोळत असलेली गोष्ट उलगडली. आमच्या परभणीच्या जुन्या घरात शहाबादी फरशी होती. माझे यजमान त्या घरात बरे चालत. मुलाने हौसेने नवे घर बांधले आणि त्यात मोठमोठ्या, चकचकीत, पांढऱ्या टाइल्स बसवल्या. तिथे आल्यापासून त्यांचे पाय अडू लागले आणि आजार वाढला असे समजून आम्ही औषध वाढवून मागितले. मागच्या रविवारी जुन्या घरी गेलो तेव्हा मी मुद्दाम पाहिले. ते शहाबादीच्या सांध्यांवर नजर ठेवून एकेक फरशी ओलांडत चालत होते, आणि हे आपण करत आहोत याची त्यांना स्वतःलाही कल्पना नव्हती.

काल आम्ही नव्या घरात खोलीपासून मोरीपर्यंत एकेक पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्या. सुनेला घर विद्रूप होईल अशी भीती होती, पण सासरे दारात न अडकता बाहेर आले तेव्हा तिनेच उरलेल्या पट्ट्या अंगणापर्यंत लावून टाकल्या.

जोगाईची लेक
सगळ्यांचे अनुभव वाचून मला थोडे अपराधी वाटले आणि थोडा रागही आला. हे लिहू की नको असा विचार केला, पण लिहिते. मी अंबाजोगाईत राहते आणि नोकरी करते. यजमानांना वयाच्या ४८ व्या वर्षी हा आजार झाला. सकाळी सव्वासातची एसटी मला पकडावी लागते. मुलीचा डबा, सासूबाईंचे पथ्य आणि यांची आंघोळ या तिन्हींतून बटणांसाठी वीस मिनिटे मी कुठून आणू? "त्यांना त्यांच्या गतीने करू द्या" हे वाक्य ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठी आहे. मी कित्येकदा त्यांच्यावर ओरडले आहे आणि मग एसटीत बसून रडले आहे.

त्यातून मी माझ्यापुरता मार्ग काढला. शिंप्याकडे जाऊन त्यांच्या सगळ्या शर्टांची काजे शिवून बंद करून घेतली, बटणे वरून तशीच ठेवली आणि आतून वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या. बाहेरून शर्ट नेहमीसारखा दिसतो, त्यांचा त्यांना घालता येतो आणि दोन मिनिटांत काम होते. पायजम्याला नाडीऐवजी इलॅस्टिक आणि बुटांऐवजी मागे पट्टा असलेली पायताणे घेतली, कारण मोकळी चप्पल पायातून निसटते. खाटेवर चादरीच्या मधल्या भागावर माझी एक जुनी रेशमी साडी दुमडून अंथरते. रात्री कुशीवर वळताना अंग कापसाच्या चादरीला अडते, ते रेशमावर सहज सरकते. म्हणून मांजराकाठ ताई, प्रत्येक वेळी "मी करू की त्यांनी करावे" असे दोनच पर्याय नसतात, कधी कधी ती वस्तूच बदलता येते.

हळूहळू
मी या धाग्यावरचा बहुधा एकटाच रुग्ण असेन. जालना जिल्ह्यातला शेतकरी आहे. आजाराला नऊ वर्षे झाली. हे लिहायला मला दोन दिवस लागले आहेत, कारण बोट एका अक्षरावर पडते आणि तेच अक्षर चार वेळा उमटते.

मांजराकाठ ताई, आपले यजमान त्या दिवशी रागावले होते असे आपल्याला वाटले. तसे असेलही. पण एक गोष्ट सांगतो. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात, पापण्या कमी लवतात, आणि आत आनंद असला तरी चेहरा दगडासारखा दिसतो. माझ्या नातीच्या बारशाला मी आयुष्यात क्वचित झालो असेन इतका आनंदी होतो, आणि घरी आल्यावर मंडळींनी विचारले, "तुम्हाला कशाचा राग आला होता?" म्हणून आमच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका, आम्हाला विचारा, आणि विचारल्यावर उत्तरासाठी थांबा. माझ्या डोक्यात वाक्य तयार असते, पण ते ओठांपर्यंत यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात कोणीतरी माझ्या वतीने बोलून टाकते. दवाखान्यात डॉक्टर मला विचारतात, "झोप कशी आहे?" आणि उत्तर माझी बायको देते. ती खरेच सांगते, तरीही मी त्या खोलीत नसल्यासारखे वाटते.

मदतीविषयी माझे मागणे इतकेच आहे की हात लावण्यापूर्वी एकदा विचारावे. "लावू का बटण?" या तीन शब्दांना फार वेळ लागत नाही. मी हो म्हणेन, नाहीतर नाही म्हणेन, पण ते मी म्हटलेले असेल. सांडणे, उशीर होणे, लोकांनी बघणे याची आम्हाला सवय होते. लेंगा कोणी न विचारता ओढला की मात्र दिवसभर मनातून जात नाही.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले तेव्हा बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात असे लिहिले होते. पुढे डॉक्टरांना दिसले की काहींची विचारशक्तीही मंदावते, स्मृतीवर परिणाम होतो. पण जोवर ती आहे तोवर आमच्याशी बोलताना ती आहे असे धरून बोला, एवढीच विनंती.

मांजराकाठ
हळूहळू दादा, आपला प्रतिसाद मी यजमानांना वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला सांगितला.

औषधपेटी
मी औषधविक्रेता आहे आणि माझ्या वडिलांना हा आजार होता, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो. गोदातीर यांनी घड्याळाचा मुद्दा काढला, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लेव्होडोपा (मेंदूत ज्याचे डोपामिन बनते) आणि कार्बिडोपा (जे लेव्होडोपाला मेंदूपर्यंत पोचू देते) यांची एकत्र गोळी हा उपचाराचा कणा आहे. आजार जुना होत जातो तसा एका गोळीचा असर कमी तास टिकतो, आणि पुढची गोळी येईपर्यंत शरीर पुन्हा आखडते. घरच्यांना वाटते की सकाळी चालत होते, मग आता मुद्दाम करत आहेत. कोणीही मुद्दाम करत नाही. एका वहीत गोळीची वेळ, जेवणाची वेळ, अंग मोकळे झाल्याची आणि पुन्हा आखडल्याची वेळ, असे आठ दिवस लिहावे. मात्रा किती आणि किती वाजता हे ठरवताना डॉक्टरांना या वहीचा फार उपयोग होतो.

दुसरे असे की लेव्होडोपा आतड्यातून शोषले जाताना प्रथिनांच्या घटकांशी त्याची स्पर्धा होते. म्हणून डॉक्टर ती जेवणाच्या साधारण अर्धा ते एक तास आधी घ्यायला सांगतात, आणि ज्यांना प्रथिनांचा त्रास स्पष्ट जाणवतो त्यांना डाळी, दूध, अंडी असे पदार्थ संध्याकाळच्या जेवणाकडे सरकवायला सांगतात. प्रथिने बंद मात्र करू नयेत, या आजारात वजन आधीच घटते. लोहाच्या गोळीमुळेही शोषण कमी होते, त्यामुळे त्या दोन गोळ्यांत अंतर ठेवावे.

तिसरी गोष्ट मी कळकळीने सांगतो. वडिलांना उलट्या होत होत्या म्हणून एका रुग्णालयात त्यांना मेटोक्लोप्रमाइडचे इंजेक्शन दिले गेले आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे अंग इतके ताठ झाले की पाणीही गिळता येईना. हे औषध, तसेच प्रोक्लोरपेराझिन आणि हॅलोपेरिडॉल, मेंदूतील डोपामिनचे काम अडवतात. चक्कर येते म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन या गोळ्यांनीही पार्किन्सन्ससारखी लक्षणे उद्भवू शकतात किंवा असलेली वाढू शकतात. ही नावे एका कागदावर लिहून तो रुग्णाच्या फाइलवर चिकटवून ठेवा आणि कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर प्रथम तो दाखवा. लेव्होडोपा अचानक बंद करणेही धोक्याचे असते. दुसऱ्या कारणासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर या गोळ्या त्यांच्या ठरलेल्या वेळीच द्याव्यात असा आग्रह धरा.

मांजराकाठ
औषधपेटी भाऊ, आपला प्रतिसाद वाचून मला येळवस आठवली. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते की वेळ अमावस्येला आमच्या लातूर-धाराशिवकडे सारे गाव शेतात असते आणि भज्जी, उंडे, आंबील असे जेवण होते. यंदा हे मोठ्या उत्साहाने शेतात आले, पूजेच्या कडब्याच्या खोपटापर्यंत, म्हणजे कोपीपर्यंत, स्वतः चालत गेले, पाच पांडवांची पूजा त्यांनीच केली. पूजेनंतर पोटभर भज्जी खाल्ली. तिच्यात तुरीचे आणि वालाचे दाणे, हरभऱ्याचे पीठ, शेंगदाणे, सगळे असते. बाराची गोळी गडबडीत जेवणासोबतच दिली गेली. अडीच वाजता ते बांधावर जे बसले ते उठेचनात. चौघांनी उचलून बैलगाडीत ठेवले. जावेने मला बाजूला घेऊन सांगितले की उन्हाचा त्रास झाला असेल, कोणी म्हणाले नजर लागली. मला स्वतःला असे वाटले होते की आता यांचे शेतात येणे संपले. भज्जीचा आणि गोळीचा काही संबंध असेल हे माझ्या मनातही आले नव्हते.

पाटोदेकर
एक शंका आहे. आमच्याकडे वैद्यांनी कंपवातासाठी खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण दिले आहे. ते आणि डॉक्टरांची गोळी असे दोन्ही चालू आहे. आयुर्वेदिक असल्यामुळे अपाय नसावा, असे समजून डॉक्टरांना सांगितलेले नाही.

औषधपेटी
कृपया आजच सांगा. खाजकुयली म्हणजेच कपिकच्छूच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते, त्यामुळे आयुर्वेदातला तो उपयोग निराधार नाही. पण म्हणूनच गोळीच्या जोडीला चूर्ण घेतले की एकूण मात्रा किती जाते ते कोणालाच कळत नाही. मात्रा जास्त झाली तर अंग आपोआप वेडेवाकडे हलणे, मळमळ, भास असे त्रास होऊ शकतात. वैद्य आणि डॉक्टर, दोघांनाही दोन्ही औषधे ठाऊक असली पाहिजेत.

पैठणवाट
भास हा शब्द आला म्हणून लिहिते. माझ्या यजमानांना संध्याकाळी अंगणात लहान मुले खेळताना दिसत. मी आधी "कोणी नाही हो तिथे" म्हणून वाद घालत असे, ते चिडत आणि मी घाबरत असे. डॉक्टरांनी ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची जुनी गोळी हळूहळू कमी करून बंद केली, कारण उतारवयात तिने गोंधळ आणि विस्मरण वाढते. त्यानंतर मुले क्वचितच येतात. आली तर मी वाद न घालता दिवा लावते आणि विषय बदलते. एकदा मात्र दोन दिवसांत ते एकाएकी बरळू लागले, तेव्हा तो लघवीचा संसर्ग निघाला. म्हणून अचानक झालेला बदल आजाराच्या खात्यावर टाकू नये, लगेच तपासून घ्यावा.

आणखी एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. त्याआधीच्या वर्षी त्यांना प्रामिपेक्सोल हे पार्किन्सन्सवरचे औषध सुरू झाले होते. काही महिन्यांत ते रात्र रात्र मोबाइलवर पैसे लावून रमी खेळू लागले. ज्या माणसाने आयुष्यात पत्त्याला हात लावला नव्हता त्याने कापसाचे पैसे घालवले. मी त्यांना नको ते बोलले. मुलगा तर बापाशी बोलेनासा झाला. अशा औषधांनी काही जणांना जुगार, खरेदी किंवा खाण्याची अनावर ओढ लागू शकते, हे डॉक्टरांकडून कळले तेव्हा मला यजमानांच्या पाया पडावेसे वाटले. औषध कमी झाले आणि ओढही गेली. घरात असे काही घडत असेल तर लाजेने झाकू नका, डॉक्टरांना सांगा.

गोदातीर
पैठणवाट ताई, हे लिहिल्याबद्दल आपले मनापासून आभार. किती घरांत हे चारित्र्याचे दोष समजून सोसले जात असेल.

काळी माती
बाहेरच्यांविषयीही लिहायला हवे. आमचे हे बाजारात अडखळत चालत, तेव्हा लोक समजत की दारू प्यायले आहेत. एकदा एसटीच्या वाहकाने त्यांना त्याच समजुतीने खाली उतरवले. माळकरी माणसाला तो घाव खोल बसला आणि त्यांनी बाहेर जाणे सोडले. त्यानंतर आम्ही दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये पार्किन्सन्सचा समावेश आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अर्ज संगणकावरून करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व ठरल्यास एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. खरे सांगायचे तर पैशांपेक्षा ते कार्ड खिशात असणे त्यांना मोलाचे वाटले. कोणी काही बोलले तर ते कार्ड काढून दाखवतात, काही बोलावे लागत नाही. आता पुन्हा एकादशीच्या भजनाला जातात. तिथे आम्हाला आणखी एक गोष्ट कळली. एरवी अडणारे त्यांचे पाय टाळाच्या ठेक्यावर पावली खेळताना अडत नाहीत. मी मागे उभी असते, पण धरायला लागत नाही.

उभारी
ताल आणि पाऊल यांचा हा संबंध खरा आहे. पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालतात, तेही याच तत्त्वावर. भजनाचा दुसरा लाभ आवाजाला होतो. आवाज बारीक झालेल्या माणसाने रोज मोठ्याने गाणे किंवा वाचणे फार उपयोगी पडते.

बालाघाट
एक प्रश्न माझाही आहे. आपण सगळ्यांनी रुग्णाविषयी लिहिले. मला स्वतःला गेल्या वर्षी रक्तदाब सुरू झाला, पाठ धरते, आणि रात्री सलग तीन तास झोप मिळाली तर तो दिवस चांगला असे मी समजते. मुले पुण्यात आहेत. काळजीवाहू बाई ठेवावी तर नातेवाईक म्हणतात, नवऱ्याचे करायला परकी बाई कशाला. आपण काय करता?

जोगाईची लेक
ताई, ठेवा. नातेवाइकांपैकी एकही जण रात्री दोन वाजता यजमानांना धरून उठवायला येत नाही. मी आता दुपारचे चार तास एक मामा ठेवले आहेत. ते यांची आंघोळ करून देतात, आणि गंमत अशी की मामांकडून आंघोळ करून घ्यायला यांना संकोच वाटत नाही, माझ्याकडून वाटत असे. आंघोळ गेल्यापासून आम्ही दोघे पुन्हा नवरा-बायकोसारखे बोलू लागलो आहोत. संध्याकाळी ते मला विचारतात की आज कचेरीत काय झाले.

गोदातीर
पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. त्यांच्या सभांना दोघेही येतात आणि शुभंकराच्या थकव्याविषयीही बोलले जाते. मराठवाड्यात असे मंडळ माझ्या पाहण्यात नाही. आपण नांदेड-परभणी-लातूरची चार-सहा घरे महिन्यातून एकदा फोनवर एकत्र बोललो तरी पुष्कळ होईल. मी पुढाकार घ्यायला तयार आहे.

बालाघाट
माझे नाव लिहून घ्या.

मांजराकाठ
माझेही लिहा. इतक्या दिवसांनी धाग्यावर परत येत आहे, कारण मध्ये मी आठ दिवसांची वही लिहीत होते. वहीवरून असे दिसले की त्यांची सकाळची गोळी सातला असते आणि आम्ही कपडे घालण्याचे काम साडेसहाला करत होतो, म्हणजे दिवसातल्या सर्वांत वाईट वेळी. लग्नाच्या दिवशीही आम्ही दहाच्या गोळीच्या आधीच निघालो होतो. आता कपडे आठला घालतो. त्यांना पाच बटणांना साधारण सहा मिनिटे लागतात. वरचे, गळ्याजवळचे बटण जमत नाही, कारण ते दिसत नाही. हळूहळू दादांनी सांगितल्याप्रमाणे मी विचारते, "लावू का?" पहिले तीन दिवस ते नाही म्हणाले आणि ते बटण तसेच उघडे राहिले. चौथ्या दिवशी मान वर करून उभे राहिले.

मोरीच्या बाबतीत मी बालाघाट ताईंचे ऐकले आहे. तिथे मी विचारत नाही, आणि त्यांनाही ते मान्य आहे, कारण आम्ही दोघांनी बसून ठरवले. कुठे विचारायचे आणि कुठे विचारायचे नाही याची यादी त्यांनीच सांगितली आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनीच लिहिली. अक्षर बारीकच आहे. उभारी ताईंची रेघेची गोष्ट वाचून मी त्यांना दुरेघी वही आणून दिली होती, तिच्यात शेवटच्या शब्दांपर्यंत वाचता येते.

परवा डॉक्टरांची तारीख आहे. वही बरोबर नेत आहे, आणि या वेळी मी खुर्ची थोडी मागे घेऊन बसणार आहे.

औषधपेटी
ताई, टाळायच्या औषधांच्या नावांचा कागद फाइलवर चिकटवायला विसरू नका.

मांजराकाठ
चिकटवला आहे. तोही त्यांनीच लिहिला.